कट-ऑफच्या आतली सोबत

२०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७ आणि ६००ला ४०. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हे आकडे तो घडाघडा म्हणून दाखवेल. या चारही राइड एकाच सीझनमध्ये वेळेत पुऱ्या केल्या की ‘सुपर रँडोनर’, म्हणजे आमच्या भाषेत ‘एसआर’. या वेळा पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या. पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने हा प्रकार आपल्याकडे रुजू लागला तेव्हाही त्या याच होत्या आणि आजही त्यात मिनिटाचा फरक नाही. त्या तासांच्या आत घडणारं मात्र पार बदलून गेलं आहे.

सुरुवातीच्या वर्षांत पहाटे जमणारी माणसं इतकी थोडी असायची, की सगळे सगळ्यांना नावाने ओळखत. सायकली मिळतील त्या. कुणाची जाड टायरची एमटीबी, कुणाची हायब्रिड, एखाद्याची घरातलीच जुनी, गिअर नसलेली. बॅटरी हँडलला इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली. रस्त्याचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तारेने बांधलेला, त्यावर वळणं आणि किलोमीटर. पाठीवरच्या सॅकमध्ये चिक्की, खजूर, इलेक्ट्रालची पाकिटं, जास्तीची ट्यूब आणि पंप. चमकणारं जॅकेट तेवढं सगळ्यांचं सारखं, कारण त्याशिवाय रात्री रस्त्यावर उतरू देत नसत.

पुण्याहून निघालं की कात्रज, मग खंबाटकी. २००ला पसरणी घाट चढून पाचगणी गाठायची आणि परतायचं, ६००ला कोल्हापूर ओलांडून निपाणीच्याही पुढे. खंबाटकीत ट्रकांच्या धुरातून वर येताना बॅटरीचा उजेड इतका अपुरा पडे, की चौघांनी मिळून चालल्याशिवाय रस्ता नीट दिसत नसे. वाऱ्याचंही तसंच. सातारा-कराड पट्ट्यात समोरचा वारा सुटला की आळीपाळीने एकेकाने पुढे राहून तो अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या मागे दम खायचा. एकाचं चाक पंक्चर झालं की सगळे थांबत. एक टायर उतरवतोय, दुसरा बॅटरी धरतोय, तिसरा हाताने टायरच्या आतून काच शोधतोय. ‘तुम्ही व्हा पुढे’ असं म्हणायची रीत होती, पण कुणी पुढे होत नसे.

आणि कंट्रोल. ठरलेल्या टप्प्यावर ठरलेल्या वेळेत पोहोचल्याचा पुरावा हवा. कुठे पेट्रोलपंपाचा शिक्का, कुठे एटीएमची पावती, कुठे हॉटेलचं बिल. त्या शिक्क्यासाठी मध्यरात्री पंपावरच्या माणसाला उठवावं लागे. तो डोळे चोळत आमचं शिक्क्यांचं ब्रेव्हे कार्ड उलटसुलट करून बघे आणि विचारे, “कुठनं आलाय? बक्षीस किती हाय?” बक्षीस काही नाही, पहिला-दुसरा नंबरही नाही, मेडल हवं तर त्याचेही पैसे आपणच भरायचे, हे सांगितलं की तो म्हणे, “मग कशापायी एवढं?” उत्तर जुळवेपर्यंत चहा आलेला असे. पुढे पॅरिसहून राइडच्या मान्यतेची नोंद होऊन कार्ड परत यायला महिने लागत, आणि ते आलं की त्या शिक्क्यांवरून रात्र पुन्हा उलगडून बघता येई.

एकत्र निघायची ही रीत आमच्याही आधीची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासाला सायकलवर निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे साडेचार वर्षांनी, १९२८च्या मार्चमध्ये, सुमारे ७१ हजार किलोमीटर पुरे करून परतले. १९८५च्या डिसेंबरात बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’त शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले. दोन्ही वेळी रस्ता एकट्याने पेलण्यासारखा नव्हता. सोबत ही त्या प्रवासांची गरज होती.

आज ती गरज उरलेली नाही. कार्बनची सायकल दोन बोटांनी उचलता येते. डिस्क ब्रेकमुळे पसरणीचा उतार पावसातही भरवशाचा झाला आहे. हँडलवरचा जीपीएस वळण येण्याआधी सांगतो. दिवा असा, की अख्खा घाट एकट्याला उजळून मिळतो. यातली एकही गोष्ट मला परत द्यायची नाही. रात्रीच्या महामार्गावर ट्रकवाल्याला आपण लांबून दिसतो, यातच किती जीव वाचले असतील! महाराष्ट्रातल्या गावोगावी आता बीआरएम होतात, रात्रभर सायकल चालवणाऱ्या बाया पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात, आणि २०१९ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या १२०० किलोमीटरला भारतातून शेकडो जण गेले होते. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली जोडीने अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली. २०१७ला नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. त्या बातम्या वाचून किती घरांत नवी सायकल आली असेल!

पण एक हिशेब मांडून बघू. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे तर चहापाणी धरून ताशी १५चा वेग पुरतो. तेव्हाच्या जड सायकलींवर आम्ही तेरा तास ओलांडूनच परतायचो. आज अनेक जण नऊ तासांच्या आत परततात. म्हणजे नव्या सायकलीने आपल्याला चार तास मिळवून दिले. ते जातात कुठे? राइड संपताच ती स्ट्राव्हा या ॲपवर चढते, कौतुकाचे अंगठे येतात आणि गाडी घराकडे वळते. ज्या प्रकारात निकालाला क्रमांकच नाही, तिथे आपण मनातल्या मनात क्रमांक लावू लागलो आहोत.

बीआरएमच्या नियमांत एक फार सुंदर गोष्ट आहे. बाहेरच्या माणसाची मदत कंट्रोल सोडून कुठेही घ्यायची नाही, मागे गाडी ठेवायची नाही. पण सहप्रवाशाने सहप्रवाशाला मदत करायला पूर्ण मुभा आहे. त्याची ट्यूब घ्या, त्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चाला, त्याच्याकडचं पाणी प्या, नियम आडवा येत नाही. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’तल्या एकट्या स्पर्धकाला दुसऱ्याच्या आडोशाला चालता येत नाही. आपल्याला येतं, कारण इथे कुणाला कुणाला हरवायचंच नाही.

पहाटे तीनला झोप अनावर झाली की एसटीच्या शेडमध्ये वीस मिनिटं पडायचं पण घड्याळाचा गजर लावून, उलटीची भावना झाली की गोड बंद करून मीठ-लिंबू घ्यायचं, घाटात पहिल्याच वळणावर जोर संपवायचा नाही, हे सगळं आम्हाला शेजारून चालणाऱ्या कुणीतरी चालता चालता सांगितलं. आज नवा माणूस हे व्हिडिओत बघून येतो. तरीही १६०व्या किलोमीटरला पाय निकामी झाल्यासारखे वाटतात, तेव्हा त्याला शेजारी एक चाक हवं असतं. ‘अजून दीड तास हातात आहे, आरामात होतंय’ हे वाक्य मोबाइलवरून तेवढं लागू पडत नाही. शेवटच्या कंट्रोलवर कार्यकर्ते आजही मुदत संपेपर्यंत थांबतात, त्यांना सलाम. पण रस्त्यावर त्या शेवटच्या माणसाबरोबर आपल्यातला कुणी नसतो.

नोव्हेंबरात सीझन पुन्हा सुरू होईल. ३००, ४००, ६०० हव्या तेवढ्या वेगाने करा, चांगल्या पायांचा आनंद खराच असतो. पण एक २०० पहिल्यांदाच येणाऱ्या कुणासाठी तरी राखून ठेवा. त्याच्या वेगाने चाला, त्याचं पंक्चर काढताना बॅटरी धरा, पाचगणीत बसून त्याच्याबरोबर मिसळ खा आणि कट-ऑफला दहा मिनिटं असताना दोघं मिळून कार्डावर सही घ्या. कार्डावर त्याला पहिला आणि तुम्हाला शेवटचा असं कुणी लिहिणार नाही. पण पुढच्या वर्षी तोच आणखी एका नव्या माणसाच्या शेजारी चालताना दिसेल. जुन्या दिवसांतलं जे टिकवायला हवं, ते एवढ्यानेच टिकेल.