गुरुजींच्या वह्या

मॉडेल म्हणजे काय, हे मला गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी शिकवलं. गावच्या वनहक्क समितीचे ते सचिव. कोडची एक ओळही त्यांनी कधी लिहिली नाही.

गावाचे वनहक्क दावे आणि तेंदूची मजुरी संगणकावर आणायची होती. हत्यार म्हणून मी जँगो हे वेब-फ्रेमवर्क घेतलं होतं. त्यात मॉडेल एकदा लिहिलं, की त्याच वर्णनावरून डेटाबेसचं टेबल तयार होतं आणि पडद्यावरचा अर्जही. अर्जात भरलेली माहिती आधी तपासली जाते, मग तिचा ऑब्जेक्ट बनतो; तो सेव्ह केला की ओआरएम, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबल यांना जोडणारा जँगोचा भाग, स्वतःच एसक्यूएल तयार करून टेबलात ओळ घालतं. सगळी हमाली वाचते. पण मॉडेलात काय असावं, हे ओआरएम सांगत नाही.

ते गुरुजींनी सांगितलं. पहिल्याच भेटीत त्यांनी वह्या सतरंजीवर मांडल्या. एका वहीत कुटुंबं, प्रत्येकाला क्रमांक. दाव्यांच्या वहीत माणसांची नावं पुन्हा लिहिलेली नव्हती, फक्त तो क्रमांक. डेटाबेसवाले ज्याला फॉरेन की म्हणतात, ती तिथे निळ्या शाईत होती. तेंदूची वही मात्र माणसागणिक. सत्तर पानांचा एक पुडा. आईनं बांधलेले पुडे आईच्या नावावर, सुनेचे सुनेच्या. दावा कुटुंबाशी जोडायचा आणि मजुरी व्यक्तीशी, हे मला त्या वह्यांतून दिसलं. या दोन गोष्टी एकाच टेबलात कोंबल्या असत्या, तर सुनेची मजुरी सासऱ्याच्या नावाखाली गेली असती.

दाव्याच्या नमुना 'अ'मध्ये जोडीदाराच्या नावाचा रकाना असतो. तो दाखवून गुरुजी म्हणाले, "पट्टा दोघाइचा असते, बापू. बाईले नवऱ्याच्या रकान्यात नोको घालू." २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(४) हेच सांगतं: दावेदार विवाहित असेल तर हक्काची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे. म्हणून 'जोडीदार' हा दावेदाराच्या ओळीतला मजकूर राहिला नाही. दोघंही स्वतंत्र व्यक्ती, आणि दाव्याशी दोघांना जोडणारं वेगळं टेबल.

पुराव्यांचंही तसंच. दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा ठरतं. म्हणजे पुरावा ही नुसती जोडलेली फाइल नव्हे. निवेदन देणारी म्हातारी स्वतःही गावच्या व्यक्तींच्या टेबलात आहे; पुरावा तिच्याशी जोडावा लागतो. दावा, दोन्ही नावं आणि पुरावे मी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधले. नेटवर्क मध्येच गेलं तरी अर्धा दावा साठत नाही. सगळं उतरतं, नाहीतर काहीच नाही.

गुरुजींनी मानधन घेतलं नाही. मागितलं ते एवढंच, की प्रत्येक कुटुंबाचं पान छापून दे, मी ग्रामसभेत वाचून दाखवतो. वाचन झालं तेव्हा बायाच जास्त बोलल्या. कुणाचं माहेरचं नाव राहिलं होतं, कुणाची लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. अर्जातली कुठलीही तपासणी हे पकडू शकली नसती. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तोही सगळं गावासमोर मांडून निर्णय घेण्याच्या सवयीच्या बळावर, असं मी मानतो.

पुढे मी पुण्यात बँकांसाठी, दवाखान्यांसाठी प्रणाली बांधल्या. दर वेळी आधी विचारलं: इथल्या वह्या कुणाकडे आहेत? हा प्रश्न गुरुजींचा आहे आणि माझी रोजीरोटी त्यावर चालते. ते आता नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीतून संगणक शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, हिशेबाला माणसं कमी पडतात. एक हंगाम तिथे जाऊन बसा, आणि मॉडेल त्यानंतर लिहा.