बेथलेहेममधले इतर बाप

२६ डिसेंबर २००४ हा दिवस रविवार होता. नाताळ आदल्याच दिवशी झालेला. नाताळाच्या अष्टकातला रविवार म्हणून ख्रिस्तसभा त्या दिवशी पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत होती. त्या वर्षीच्या उपासनाचक्राप्रमाणे देशोदेशीच्या देवालयांतून मत्तयाच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचला गेला. योसेफाला स्वप्नात देवदूताचा इशारा मिळतो, तो रात्रीच उठतो आणि बाळ व त्याची आई यांना घेऊन मिसर देशाची वाट धरतो. आमच्या वसईच्या धर्मग्रामातही तेच वाचन झाले. बाप म्हणजे काय, याचे त्याहून थोडक्यात वर्णन मला दुसरे ठाऊक नाही. हा माणूस साऱ्या शुभवर्तमानात एक शब्द बोलत नाही. तो फक्त उठतो.

त्याच सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्राचा तळ हादरला. दोन-अडीच तासांनी लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आल्या. हे दोन-अडीच तास वाचकांनी लक्षात ठेवावेत. नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. भारतात मृतांचा आकडा दहा हजारांपलीकडे गेला, बेपत्ता झालेले पाच हजारांहून अधिक वेगळेच. आणि चौदा देश मिळून सव्वादोन लाखांवर. अक्करैपेट्टै, कीचनकुप्पम यांसारख्या कोळीवाड्यांत मासळीची वाट पाहत किनाऱ्यावर बसलेल्या बायका आणि रविवारची सुटी म्हणून वाळूत खेळणारी मुले समुद्राने आधी नेली.

वेलंकणी याच जिल्ह्यात आहे. वसईच्या कॅथलिक घरांना वेलंकणी म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. नवस आरोग्यमातेला बोलायचा, तो फेडायला दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करायचा, आणि परतताना बाटलीत तेल आणि पिशवीत जपमाळा आणायच्या. आमच्या आळीतलीही दोन कुटुंबे त्या नाताळात तिकडे गेली होती. सोमवारी रात्रीपर्यंत त्यांचा निरोप नव्हता. ती सुखरूप परतली. लाट आली त्या वेळी ती मिस्साबलीसाठी देवालयात होती. बाहेर, समुद्राच्या बाजूला असलेल्या शेकडो यात्रेकरूंना आणि दुकानदारांना मात्र पाण्याने गिळले. बॅसिलिकेच्या आत पाणी शिरले नाही.

ही शेवटची गोष्ट आमच्या आळीत वाऱ्यासारखी पसरली. माऊलीने आपले देवालय राखले, आपली माणसे राखली, असे जो तो म्हणू लागला. म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि परतलेल्या शेजाऱ्याचा हात हातात घेताना माझ्याही होते. तेव्हा दहा वर्षांची असलेली माझी मुलगी हे सारे ऐकत होती. रात्री जपमाळ झाल्यावर तिने विचारले, “पप्पा, आतली माणसे माऊलीची होती, तर बाहेरची मुले कोणाची होती?”

मी तिला त्या रात्री उत्तर दिले नाही. प्रार्थनेच्या खोलीत अशा प्रश्नाला चटकन उत्तर देणाऱ्या बापाबद्दल मला आदर वाटत नाही. पण प्रश्न माझ्यापाशी राहिला.

चमत्काराच्या बोलण्याविषयी मला जे वाटते ते स्पष्ट लिहितो. वेलंकणीची परंपराच समुद्रातून वाचलेल्यांची आहे. वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी मातेचा धावा करीत याच किनाऱ्याला लागले आणि त्यांनी तिथे प्रार्थनामंदिर बांधले, असे सांगतात. वाचलेल्याने आभार मानावेत, गुडघे टेकून मानावेत. मात्र आपण वाचलो यावरून जे वाचले नाहीत त्यांच्याविषयी निष्कर्ष काढू नयेत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बन शहरात भूकंप झाला, तेव्हा देवालये भाविकांनी भरलेली होती आणि ती त्यांच्यावरच कोसळली. तिथे आतले गेले; वेलंकणीला बाहेरचे गेले. भिंतीच्या कोणत्या बाजूला देव उभा होता, हे यावरून ठरत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्वतःच लोकांना बजावले आहे. आपल्यातले पुष्कळ जण तो उतारा वाचतात आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या आजाराचे कारण शोधू लागतात!

पुढे एकदा मी त्या रविवारचे वाचन पुन्हा काढून पाहिले. उपासनेत दुसऱ्या अध्यायातली तेरा ते पंधरा ही वचने येतात आणि मग एकदम एकोणिसावे. मधली तीन गाळलेली असतात. त्यांत हेरोद आहे, बेथलेहेममधली दोन वर्षांखालची मुलगे आहेत आणि सांत्वन नाकारणारी राहेल आहे. गाळलेली म्हणजे लपवलेली नव्हेत. दोनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, निष्पाप बालकांच्या सणाला ख्रिस्तसभा तीच वचने वाचते. त्या मंगळवारी नागपट्टिनममध्ये प्रेते पुरण्याचे काम चालूच होते.

तेव्हापासून बेथलेहेममधले इतर बाप माझ्या मनातून जात नाहीत. योसेफाला इशारा मिळाला, त्यांना मिळाला नाही. तेही आपल्या लेकरांवर तेवढीच माया करणारे असतील. मिसरला पोहोचल्यावर मागे काय घडले ते योसेफाला कळले असेल का? कळले असेल, तर तो शांत झोपू शकला असेल का? शुभवर्तमान गप्प आहे. माझी श्रद्धा एवढेच सांगते की ज्या मुलाला त्याने तेव्हा वाचवले, तो मुलगा पुढे तेहतिसाव्या वर्षी पळाला नाही, आणि त्या वेळी पित्याने त्याला वाचवले नाही. आपल्या देवाला मूल गमावणे ऐकून माहीत आहे असे नव्हे.

इशाऱ्याची गोष्ट मात्र इथे संपत नाही. पुदुच्चेरीजवळ नल्लवाडू नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथला एक तरुण सिंगापूरला नोकरीला होता. त्याने बातमी ऐकली आणि घरी फोन केला. गावात एका संशोधन संस्थेच्या मदतीने माहितीकेंद्र चालत असे. तिथल्या ध्वनिक्षेपकावरून लोकांना किनारा सोडायला सांगितले गेले. घरे गेली, होड्या गेल्या, माणसे वाचली. हिंदी महासागरासाठी त्या काळी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचे केंद्र २००७ साली सुरू झाले. ते दोन-अडीच तास रिकामे गेले ते देव झोपला होता म्हणून नव्हे. निरोप पोहोचवायला माणूस बसवलेला नव्हता म्हणून. हे मी मुलीला सांगू शकलो. देवदूताचे काम कधी कधी टेलिफोनवर होते, हे तिला लगेच पटले. पण तेवढ्याने तिचा प्रश्न सुटला नाही, आणि तिनेही तसे स्पष्ट सांगितले.

नागपट्टिनमचे परमेश्वरन हे तेल व नैसर्गिक वायू महामंडळातले अभियंता. त्या रविवारी त्यांचा वाढदिवस होता. मुलांना आणि पाहुण्यांना घेऊन ते किनाऱ्यावर गेले आणि एकटे परतले. तीन मुले गेली. आपली लेकरे त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरली. ते आणि त्यांची पत्नी चूडामणी ख्रिस्ती आहेत. पुढे थोड्याच दिवसांत, त्याच लाटेने पोरकी केलेली कोळ्यांची मुले त्यांनी आपल्या घरात आणली, आणि त्या घराचे नाव ‘नंबिक्कै’ ठेवले. या तमिळ शब्दाचा अर्थ विश्वासही होतो आणि आशाही; मराठीत आपल्याला त्यासाठी दोन शब्द लागतात. रिकाम्या झालेल्या खाटांवर दुसऱ्यांची मुले निजवताना त्या बाईच्या मनात काय आले असेल, याचा विचार करायला बसलो की माझी लेखणी थांबते. मुलांची आधीची घरे हिंदू होती की ख्रिस्ती, हे त्यांनी विचारले असेल असे वाटत नाही. बुडालेल्यांनाही समुद्राने ते विचारले नव्हते.

ही हकीकत मी मुलीला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे बाहेरची मुले यांची होती.”

२००६ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब वेलंकणीला गेलो. बॅसिलिकेत मिस्साबली झाला, मेणबत्त्या लावल्या. समुद्राकडच्या रस्त्यावर दुकाने पुन्हा उभी राहिली होती. शिंपल्यांच्या माळांचे भाव पूर्वीसारखेच चढे होते. ज्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते अशा अनेकांना एकत्र पुरले होते, त्या जागी आम्ही गेलो. मुलीने जपमाळ काढली आणि मला विचारले की, यांच्यासाठी कोणत्या भाषेत म्हणायची. आपल्याच, मी म्हणालो. तिने मराठीत सुरुवात केली. थोड्या अंतरावर उभी असलेली एक म्हातारी जवळ आली आणि प्रत्येक नमो मरियेचा उत्तरार्ध तमिळमध्ये म्हणू लागली. पाचही रहस्ये तशीच झाली.