पायरीचा दगड

आमच्या घरासमोरच्या पाच पायऱ्या मी दोनदा बांधल्या. पहिल्यांदा दुकानात बसून, दुसऱ्यांदा अम्मीला विचारून.

त्याआधी आजोबांनी बसवलेल्या जांभ्याच्या पायऱ्या होत्या. आमच्या कोकणातला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. भिंतीला त्याच्यासारखा चिरा नाही. पण पायरीला लावला की तो मधोमध झिजतो, भोकांत पाणी मुरतं आणि जुलै उजाडेपर्यंत शेवाळ धरतं. अब्बा दर पावसाळ्यात काथ्याने घासत बसायचे. ते गेल्यावर घासणारं कुणी राहिलं नाही.

धाकट्याने कुवेतहून पैसे पाठवले तेव्हा मी त्या पायऱ्या उखडल्या. शहरातल्या दुकानात काळ्या ग्रॅनाइटच्या लाद्या उभ्या होत्या, त्यात माझा चेहरा दिसत होता. बस, तोच पसंत केला. ईदला आलेल्या पाहुण्यांनी तारीफ केली, मीही फुशारलो.

ऑगस्टमध्ये अम्मी असरसाठी अंगणातल्या नळावर वजू करून ओल्या पायांनी वर येत होती. दुसऱ्या पायरीवर घसरली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण ती अंगणात उतरेना. वजू आत मोरीत, कोंबड्यांना दाणे पडवीतून. एकदा एवढंच म्हणाली, "अरे, पायरी पाय ठेवायला असते, तोंड बघायला नाही."

दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. दगड मी निवडला होता. खरं तर ग्रॅनाइटचाही दोष नव्हता, दोष पॉलिशचा. तोच ग्रॅनाइट ज्वालेने वरचा थर उडवून खरखरीत केलेला मिळतो, बाहेरच्या पायरीला तो चालतो. कोटा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे. खडबडीत बाजू वर ठेवली तरी पायांनी हळूहळू गुळगुळीत होतात.

दुसऱ्या वेळी चार दगडांचे तुकडे आणून अंगणात मांडले. अम्मीला खुर्चीवरून उठवलं. तिने लोट्याने प्रत्येकावर पाणी ओतलं, माझ्या खांद्याला धरून अनवाणी उभी राहिली आणि टाच फिरवून पाहिली. कुठल्याही पुस्तकातली परीक्षा मला यापेक्षा बरी वाटत नाही. टाकीचे घाव असलेल्या काळ्या दगडावर तिने खांदा सोडला.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून थिजला, त्यातूनच सह्याद्री झाला. गडांच्या पायऱ्या पाहिल्यात ना, त्याच जातीचा. पण तिथेही लोकांच्या पायांनी काही पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणून मी पाथरवटाला तेच विचारलं. तो म्हणाला, "जाड घ्या. गुळगुळीत झाला की पुन्हा टाकी लावू. पातळ लादीला टाकी लावली तर ती फुटेल." दोन इंच जाडीचे घेतले. तो प्रत्येक दगडावर हातोडी मारून ऐकत होता. खणखणला तर बाजूला ठेवायचा, बद्द वाजला तर परत. आत चीर असणार.

दगडाइतकंच बसवणं महत्त्वाचं, हे मला तेव्हा कळलं. ग्रॅनाइटच्या पायऱ्यांत खालची एकच दीड इंचाने उंच राहिली होती, आणि पाय उतरताना आधीच्या पायरीचा अंदाज धरतो. आता सगळ्या सारख्या, सहा इंच उंच आणि फूटभर रुंद. प्रत्येकीला पुढे पाव इंच उतार, म्हणजे पाणी थांबत नाही. पुढची कड किंचित गोल.

मजुरी ग्रॅनाइटपेक्षा जास्त पडली. एप्रिलच्या दुपारी दगड इतका तापतो की पोरं उड्या मारत वर येतात. झाडायलाही त्रास, घावांत माती अडकते. धाकट्याने व्हिडिओ कॉलवर पाहून विचारलं, "भाईजान, पॉलिश अजून व्हायचंय का?"

यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात अम्मीने लोटा उचलला. मी मागून हात पुढे केला.

"धरू नको," ती म्हणाली, आणि उतरता उतरताच कोंबड्यांना हाका मारू लागली.