काच पूस रं

पसरणीचा घाट उतरणाऱ्या पिकअपमध्ये आज बहुतेक वेळा ड्रायव्हर एकटाच असतो. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर आणि बिलांची फाइल. पावसात काच धुरकटली की तो एक बटण दाबतो, डॅशबोर्डच्या फटीतून वारा सुटतो आणि काच खालून वर साफ होत जाते. आमच्या लहानपणी हे काम माणूस करायचा. वाई-महाबळेश्वरकडच्या आमच्या पिढीतल्या कित्येक पोरांना टेम्पोत पुढची जागा मिळाली ती याच कामाच्या बोलीवर.

मधल्या जागेवर बसायचे, मांडीवर फडके घ्यायचे आणि ड्रायव्हरमामांनी “काच पूस रं” म्हटले की पुढे वाकायचे. त्यालाही शिस्त होती. आधी मामांच्या बाजूची काच, मग आपल्या. समोरून गाडी येत असेल तर हात मागे. तळव्याने पुसायचे नाही, कारण हाताचा चिकटपणा काचेवर राहतो आणि रात्री समोरच्या दिव्याचा उजेड त्या फराट्यांवर फुटतो. फडके जुन्या धोतराचे असेल तर उत्तम, नाहीतर वर्तमानपत्राचा बोळा. बोळ्याने काच जास्त लख्ख होते असे क्लीनर सांगायचा आणि ते खरेही होते. तो ओला झाला की दुसरा, तो ओला झाला की तिसरा. वाईपासून वर पाचगणी येईपर्यंत पायाशी कागदी बोळ्यांचा ढीग साठायचा.

काच धुरकटायची ती आमच्यामुळेच. बाहेर पावसाने काच गार पडलेली, आत तीन माणसांचे श्वास आणि ताडपत्री बांधताना भिजलेले कपडे. ती सगळी वाफ गार काचेवर जाऊन बसे. खिडकी उघडावी तर वाफ जाई, पण पाऊस आत येई. खिडकी लावावी तर पाऊस थांबे, पण रस्ता दिसेनासा होई. यावर उपाय म्हणजे दाराच्या काचेपुढची ती छोटी तिकोनी काच. ती बोटभर उघडी ठेवली की वाऱ्याची एक बारीक धार नेमकी समोरच्या काचेच्या कोपऱ्यावर लागे. ती किती उघडायची, कोणत्या वळणावर मिटायची, हे ज्याला कळे तो शहाणा पोरगा.

आणि तंबाखू! बिडी मोडून तिच्यातली तंबाखू ओल्या काचेवर चोळायची, म्हणजे बाहेरचे पाणी थेंब न धरता ओघळून जाते, हा ट्रकवाल्यांचा उपाय घाटोघाट चाले. कोणी कापलेला बटाटा फिरवी, कोणी कोरडा साबण आतून घासून फडक्याने पुसून घेई. साबणाचे मला पुढे शाळेत कळले. धुके म्हणजे काचेवरचे असंख्य बारीक थेंब, आणि प्रत्येक थेंब उजेड विस्कटतो. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो, थेंब गोल न राहता पसरतात आणि त्यांचा सलग पातळ पापुद्रा होतो. पापुद्र्यातून आरपार दिसते. ज्यांनी आम्हाला हा उपाय दिला त्यांच्यातले बरेचजण चौथी-पाचवीपलीकडे गेलेले नव्हते, आणि त्यांचा उपाय अगदी अचूक होता.

आताच्या गाडीतली व्यवस्थाही तितकीच विचार करायला लावणारी आहे. पूर्वी ज्या गाड्यांना हीटर असे, त्यांत इंजिनाचे गरम पाणी एका लहान रेडिएटरमधून फिरे आणि पंखा त्यावरची ऊब काचेवर सोडी. पण डिझेलचे इंजिन सकाळी तापायला वेळ घेते, तोवर काच तशीच. एसी आला आणि उपायाची दिशाच बदलली. आतल्या गार जाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन खाली रस्त्यावर गळून जाते, मग ती कोरडी हवा हवी तर गरम करून काचेवर सोडायची. नुसत्या उबेपेक्षा कोरडेपणा लवकर काम करतो. महागड्या पिकअपमध्ये तर हेही माणसावर ठेवलेले नाही. 2022 मध्ये भारतात आलेल्या टोयोटा हायलक्ससारख्या गाडीत चालकाने तापमानाचे अंश ठरवायचे आणि शेजाऱ्याने आपले वेगळे ठरवायचे. बाकीचे गाडी पाहते.

तरी पावसाळ्यात नव्या पोरांची एक फसगत हमखास होते. एसी फार गार ठेवला की काच बाहेरच्या दमट हवेपेक्षा थंड पडते आणि वाफ बाहेरून जमते. मग पोरगा आतून पुसत राहतो आणि काही केल्या धुके हलत नाही. वायपर एकदा फिरवला की काम होते. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू राहिले तर उलटा प्रकार, आपलाच श्वास काचेवर येऊन बसतो. शेजारी कोणी जाणता असता तर एका शब्दात सांगून मोकळा झाला असता. शेजारची ती जागाच आता रिकामी असते.

पण जुन्या दिवसांबद्दल बोलताना मला सावध राहायला हवे, कारण ते दिवस धोक्याचे होते. आम्ही ज्याला गंमत समजत होतो ती जिवावरची गोष्ट होती. एका हातात स्टिअरिंग, एका हातात फडके, खाली दरी आणि समोरून एसटी, अशी वळणे मामा रोज घेत. पेट्रोलच्या जुन्या जीपचे वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालत. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होई आणि वायपर मरगळत, म्हणजे घाटात त्यांची सर्वांत जास्त गरज असताना ते थांबत. कठड्याशी उलटलेला टेम्पो पाहिला नाही असा आमच्यात कोणी नाही. त्यातले किती अपघात धुरकट काचेने झाले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ज्या घरांतला माणूस गेला, त्या घरांपुढे फडक्याचे कौतुक सांगण्याची माझी हिंमत नाही.

आणि उन्हाळा! मॅटाडोरचे इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. मे महिन्यात वाशीच्या मार्केटला माल घेऊन जाताना त्या झाकणाची धग मांडीला लागे. ओले पंचे खिडकीत लावायचे आणि अर्ध्या तासात ते वाळायचे. ड्रायव्हरांना पायाच्या जळजळीचा त्रास कायमचा असे. त्याला कोणी आजार म्हटले नाही, त्याला कामाचा भाग म्हटले गेले.

त्याच झाकणाने डिसेंबरात आम्हाला जे दिले ते मात्र विसरता येत नाही. पहाटे स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरून निघायचे, हाताची बोटे वळत नसायची. सगळे त्या झाकणाभोवती हात धरून बसत. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या त्यावर ठेवलेल्या असत आणि खंबाटकी येईस्तोवर त्या ताज्या तव्यावरच्यासारख्या उबदार राहत. ओले मोजे वाळत, चहाची किटली गार होत नसे. ऊब एकच होती आणि ती मधोमध होती, म्हणून सगळे तिच्याकडे तोंड करून बसत. आता प्रत्येकासमोर आपापली झडप असते.

महाबळेश्वरात कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दव गोठते, हे दर काही हिवाळ्यांनी वर्तमानपत्रांत फोटोसकट येते. आम्हाला ते जीपच्या टपावर आणि काचेवर दिसे. आभाळ निरभ्र असले की काच रात्रभर आपली ऊब वर सोडत राहते आणि आसपासच्या हवेहूनही थंड होते. म्हणून तापमापकात पारा शून्याच्या वर असतानाही काचेवर बर्फाची साय धरते. रात्री झोपण्यापूर्वी गाडीच्या काचेवर गोणपाट घालून ते वायपरखाली दाबायचे, हे पोरांचे काम. सकाळी गोणपाट उचलले की खाली काच कोरडी. ज्याने आळस केला त्याच्या घरचा टेम्पो उशिरा निघे, कारण कढत पाणी ओतायची सोय नाही, काच तडकते. कोमट पाण्याने सावकाश सोडवावे लागे. झोपण्याआधी अंगणात जाऊन आभाळाकडे पाहायचे, चांदण्या ठसठशीत असतील तर गोणपाट घालायचे. आभाळाकडे असे कामापुरते पाहणे आता आमच्या मुलांना करावे लागत नाही. मला याचे वाईट वाटते, आणि मुलांना पहाटे तासभर जास्त झोप मिळते याचा आनंदही वाटतो.

आणखी एक गोष्ट काचेबरोबर गेली. वाशीकडे जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरताना शिंग्रोबाचे देऊळ लागे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर अशी त्याची कथा सांगतात. देऊळ जवळ आले की मामा गाडी सावकाश करत, खिडकीची काच खाली येई आणि नाणे बाहेर जाई. कोणाच्या खिशात नाणे नसेल तर दुसरा त्याच्या नावाने टाकी. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला, बरीच वाहतूक तिकडे वळली आणि एसीच्या काचा बंद झाल्या. घाट सोपा झाला हे चांगलेच झाले. ज्याने घाट दाखवला त्याला ओळख देण्याची सवय मात्र सुटली.

माल नेण्याची रीतही बदलली. स्ट्रॉबेरी नाजूक फळ, शून्याच्या थोडे वर ठेवले तर टिकते, म्हणून तिच्यासाठी थंड पेटीच्या गाड्या आल्या. कित्येक वर्षे आमच्या रस्त्यांवर असे चित्र होते की मागे फळाला गारवा आणि पुढे ड्रायव्हरला इंजिनाची धग. फळ खराब झाले तर भाव जातो. माणूस थकला तर कोणाचे काय जाते, हे कोणी मोजत नव्हते. 2025 मध्ये नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला तेव्हा मला मनापासून बरे वाटले. आपल्याकडे ट्रक चालवणाऱ्याच्या अंगाला घाम येतो, ही गोष्ट कायद्याने मान्य करायला इतकी वर्षे लागली.

पण तो नियम साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालगाड्यांचा आहे. आमच्या शेतावरून बाजारात जाणाऱ्या नेहमीच्या पिकअप त्याच्या खाली राहतात. कंपन्या त्यांतही आता एसीचे मॉडेल देतात, पण ते घ्यायचे की नाही हे मालकाच्या हातात, आणि मालक डिझेलचा हिशेब करतो. एसी इंजिनाची ताकद खातो, म्हणून भरलेली गाडी चढाला लागली की एसी असलेल्या गाडीतही तो बंद करायला सांगितला जातो. म्हणजे काच ज्या घाटात धुरकटते त्याच घाटात तो बंद. आणि आता फडके धरायला शेजारी कोणी नाही. क्लीनरचा पगार वाचवला, पोरे शाळेत गेली (जायलाच हवी होती), आणि त्यांचे काम ज्या यंत्रावर सोपवले ते यंत्र डिझेल वाचवण्यासाठी बंद. जुन्या काळात यंत्र नव्हते पण माणूस होता. नव्या काळात यंत्र तरी चालू असावे.

आमच्याकडे पिकअप घ्यायला जाणारा मालक हौद्याची लांबी टेपने मोजतो, फाळका उघडून पाहतो, टायर दाबून पाहतो आणि किती पेट्या बसतील याचे गणित तिथेच करतो. ज्याला ती गाडी रोज पहाटे चालवायची आहे त्याला तो बरोबर नेत नाही. त्याला न्यावे. दारे बंद करून दोघा-तिघांनी केबिनमध्ये बसावे, श्वासाने काच धुरकटू द्यावी आणि ती किती वेळात साफ होते ते पाहूनच पैसे मोजावेत.