लि. घरची मंडळी

वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली आमची खोली रिकामी करायची वेळ आली, तेव्हा पोटमाळ्यावरची आजोबांची लोखंडी ट्रंक खाली उतरवली. आम्ही दोघे भाऊ-बहीण लहानपणापासून त्या ट्रंकेवर चढून खेळलो, पण ती उघडलेली कधी पाहिली नव्हती. आत एक खाकी टोपी, कोरेगावचा स्तंभ असलेला महार रेजिमेंटचा जुना बिल्ला, चांदीचे लहान वाळे आणि एक पत्र निघाले.

पत्र मे 1944 चे होते. पाकिटावर आजोबांचा शिपाई नंबर, हुद्दा, पलटण आणि लष्करी टपालाचा नंबर होता. आजोबा तेव्हा वायव्य सरहद्दीवर होते. मजकूर बारा-तेरा ओळींचा. ‘येथील सर्व क्षेम आहे, तुमचे क्षेम कळवावे. मनीऑर्डर पावली. पाऊस तोंडावर आला म्हणून घर शाकारून घेतले. खालच्या घरच्या म्हातारीने बियाणे उसने दिले. बाय बरी आहे, आता धरून उभी राहते. घरची काळजी करू नये. कळावे, लि. घरची मंडळी.’ आणि त्याच्या खाली, जरा मोठ्या अक्षरांत, ‘जय भीम.’

पत्र वाचून आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमची आजी निरक्षर होती. शेवटपर्यंत अंगठाच करीत असे. मग हे वळणदार अक्षर कोणाचे? आणि ही ‘बाय’ कोण? आमचे बाबा 1948 चे, घरातले थोरले. त्यांच्या आधी कोणी होते, असे आमच्या घरात कधी कोणी बोलले नव्हते. बाबा आता नाहीत. आत्याला विचारले, तर तीही म्हणाली, ‘मला कोणी काही सांगितलं नाही रे.’

म्हणून आम्ही गावी जायचे ठरवले. गाव दापोली तालुक्यात, आत डोंगराच्या कुशीत. परळहून रात्रीची एस.टी. धरली आणि पहाटे महाडला उतरलो. त्या वाटेने जायचे आणि चवदार तळ्यावर थांबायचे नाही, हे आपल्या माणसाला जमत नाही. पहाटेच्या उजेडात पाणी शांत होते. एक आई आपल्या शाळकरी मुलाला बाबासाहेबांचा पुतळा दाखवत होती. 20 मार्च 1927 ला याच पाण्याची ओंजळ बाबासाहेबांनी घेतली. त्या वेळी जमलेल्यांत कोकणातले लष्करी पेन्शनरही होते. क्रांतिस्तंभाला वंदन करून आम्ही खेडची गाडी पकडली. आता कशेडीला बोगदा झाल्यामुळे घाटाची वळणे चुकतात. खेडहून दापोलीकडे वळले, की दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि काजूच्या बागा लागतात.

दापोली म्हटले, की लोक समुद्र आणि थंड हवा सांगतात. आपल्यासाठी दापोलीची ओळख वेगळी आहे. इंग्रजांच्या काळी इथे लष्करी कॅम्प होता आणि आपले कितीतरी पेन्शनर इथे राहत. 1888 मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळ बाबा वलंगकर इथलेच पेन्शनर. सुभेदार रामजी सकपाळ नोकरीतून निवृत्त झाल्यावर काही काळ इथेच राहिले, तेव्हा भीमराव लहान होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. लष्करात गेलेल्या माणसाला अक्षर मिळाले, जग बघायला मिळाले, ताठ चालायची सवय लागली. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली भरती बंद केली, तेव्हा ते दारच मिटले. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. 1941 मध्ये ते संरक्षण सल्लागार मंडळावर आले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आमचे आजोबा तिच्यातच भरती झाले.

दापोलीहून गावाची एस.टी. दुपारी मिळाली. बौद्धवाडीत आमचे जुने घर पडून नुसते जोते उरले आहे. त्यावर कुणीतरी तोंडली चढवली आहेत. शेजारच्या काकूंना पत्र दाखवले, तर त्यांनी चष्मा लावून पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, ‘हे अक्षर गुरुजींचं. माझ्या शाळेच्या पाटीवर याच अक्षरातला कित्ता असायचा.’

गुरुजी प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. वय ब्याण्णव. ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. आम्ही पाया पडायला वाकलो, तर त्यांनी हात वर करून ‘जय भीम’ केले. आम्ही कोणाची नातवंडे ते सांगितले आणि पत्र त्यांच्या हातात दिले. ते त्यांनी डोळ्यांजवळ धरले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

‘तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो,’ मग ते म्हणाले. ‘वाडीत लिहिता येणारी आम्ही दोनच पोरं. शाळेत मला बाहेर पडवीत बसवत. तिथून ऐकून जेवढं आलं तेवढं आलं. वाडीतले आठ-दहा जण तेव्हा पलटणीत होते. त्यांच्या बायका संध्याकाळी माझ्या आईकडे यायच्या. पत्राला एक मूठ शेंगा, नाहीतर एक अंडं. डाकवाला वाडीत पाऊल टाकत नसे. पत्रं गावातल्या दुकानावर ठेवायचा. दुकानदार ती वरून टाकायचा, आम्ही खालून झेलायची.’

आम्ही विचारले, ‘गुरुजी, यातली बाय कोण?’

त्यांनी पत्राची घडी घातली. ‘तुमच्या आजीचं पहिलं लेकरू. तुमचे आजोबा गेले तेव्हा ती पोटात होती. त्यांनी तिला कधी बघितलं नाही.’ मग थांबून म्हणाले, ‘मी हे पत्र लिहिलं, त्याच्या आठ दिवस आधी ती गेली होती.’

आम्हांला पहिल्यांदा समजलेच नाही. पत्रात तर स्पष्ट लिहिले होते, बाय बरी आहे.

‘ताप भरला होता. डॉक्टर दापोलीला. रात्री उचलून नेली, वाटेतच गेली. त्या साली धान्याचे हाल होते. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यापासून तिकडचा तांदूळ बंद झाला होता. पोरांच्या अंगात ताकद कुठली? तुमची आजी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, लिही, बाय बरी आहे. मी लेखणी थांबवली. तिला म्हटलं, काकी, बाय तर... ती म्हणाली, लिही. तिकडं बंदूक हातात घेऊन उभा आहे तो. डोळ्यांत पाणी आलं तर समोरचं दिसायचं नाही. मग म्हणाली, आता धरून उभी राहते, तेही लिही. मी लिहिलं.’

आमच्यापैकी कोणालाच काही बोलता येईना. आजी आम्हांला आठवते ती चाळीच्या नळावर भांडणारी, गिरणीतून आलेल्या बाबांचा डबा घासणारी, 14 एप्रिलला पांढरे पातळ नेसून पुढे चालणारी. तिच्या पोटात एवढे होते, हे आम्हांला कधी कळले नाही.

‘जय भीम तिनं सांगितलं होतं का?’ बहिणीने विचारले.

गुरुजी हसले. ‘ते माझं. तिनं रामराम लिही म्हटलं होतं. मुंबईहून आलेली माणसं तेव्हा जय भीम म्हणायला लागली होती. मला वाटलं, खोटं लिहिलं आहे, तर निदान एक खरा शब्द खाली असावा.’

आजोबा 1946 मध्ये परत आले. त्या दिवशी गुरुजी तिथेच होते. वाडीतली सगळी पोरे बूट बघायला जमली होती. आजोबांनी ट्रंक उघडून चांदीचे वाळे काढले आणि विचारले, ‘बाय कुठं आहे?’ तेव्हा आजीने सांगितले. आम्ही विचारले, ‘आजोबा काय म्हणाले?’ ‘काही नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली. अंधार पडेपर्यंत तसेच बसून होते. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मला वाटलं, मारणार. म्हणाले, पत्र तू लिहिलंस? मी हो म्हटलं. ते म्हणाले, अक्षर चांगलं आहे. शाळा सोडू नको. माझ्या सातवीपर्यंतच्या पुस्तकांचे पैसे त्यांनी मुंबईहून पाठवले. मी मास्तर झालो तो असा.’

ते वाळे आम्ही बरोबर आणले नव्हते. घरी आजपर्यंत ते बाबांचे समजत होतो. बाबा झाले, आत्या झाली, पण ते वाळे कुणाच्याही हातात घातले गेले नाहीत, हे आता ध्यानात आले. आजोबांनी ते आणि पत्र एकाच ट्रंकेत ठेवले. आजीने खोटे का लिहिले, हे त्यांनी त्या एका संध्याकाळी समजून घेतले असावे. नाहीतर ते पत्र त्यांनी चुलीत घातले असते.

संध्याकाळी वाडीच्या विहारात गुरुजींनी काठी टेकत येऊन आमच्याबरोबर त्रिशरण-पंचशील घेतले. चौथे शील म्हणताना, खोटे न बोलण्याचे, त्यांचा आवाज अडखळला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘इतकी वर्षं मी हे शील म्हणताना अडखळतो. तुमच्या आजीला दोष देऊ नका.’ आम्ही म्हटले, ‘गुरुजी, दोष तुम्हांलाही नाही.’ ते काही बोलले नाहीत, फक्त बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

पत्र आम्ही त्यांना देत होतो, पण त्यांनी घेतले नाही. तुमच्या घरचे आहे, म्हणाले. निघताना आम्ही वहीत वंशावळ लिहून घेतली आणि बाबांच्या नावाच्या वर एक ओळ घातली : बाय, 1943 ते 1944.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या किती घरांत अशा ट्रंका असतील. चाळी पाडल्या जात आहेत, गावची घरे मोडत आहेत. सामान हलवताना जुना कागद रद्दीत घालू नका, आधी वाचा. आणि त्याबद्दल सांगू शकेल असे म्हातारे माणूस वाडीत असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट न बघता एस.टी. पकडा. आम्ही ब्याण्णव वर्षांच्या माणसापर्यंत पोहोचलो, तोही योगायोगानेच.