किल्ल्याला होईल

आमच्या गल्लीत वर्षभर काहीही फुटलं, फाटलं, वाकलं की घराघरातून एकच वाक्य ऐकू यायचं, "राहू दे, किल्ल्याला होईल." फुटकी कौलं, बटाट्याचं रिकामं पोतं, आरशाचा तुकडा, करवंट्या, कान तुटलेला कप, सगळं जिन्याखाली जाऊन बसायचं. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की त्याच अडगळीतून आख्खा प्रांत उभा राहायचा.

साताऱ्यातल्या बाकीच्या गल्ल्या प्रतापगड करायच्या, राजगड करायच्या. अगदीच कंटाळा आला तर मान वर करून दिसणारा अजिंक्यतारा करायच्या. आमची गल्ली समुद्रकिनारा करायची. निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. नुसता किल्ला आम्हाला पुरत नसे. बंदरं, खाड्या, घाट, जकातनाका यांसकट सुभाच हवा असे. त्याचं नाव निळासुभा.

विटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेलं पोतं अंथरलं की सह्याद्री झाला. त्यावर हळीव आणि मोहरी पेरली की चार दिवसांत जंगल. चुन्याची फक्की टाकून काढलेला घाट, आणि त्या घाटात काड्यापेटीची एसटी, कायमची बंद पडलेली. खाली कोकणपट्टी वीतभरच, कारण पुढे लगेच गटार. त्या गटारालाच अरबी समुद्र म्हणायला आम्ही तयार होतो, पण आयांनी तो प्रस्ताव जागीच फेटाळला. मग समुद्र यायचा घंगाळात. एवढं मोठं तांब्याचं घंगाळ गल्लीत एकाच घरी, आणि तेही रोजच्या वापरातलं. त्यामुळे नरकचतुर्दशीची अभ्यंगस्नानं उरकेपर्यंत निळासुभ्याला समुद्रच नसे. बंदरं तयार, दीपस्तंभ तयार, कोळणी टोपल्या घेऊन उभ्या, आणि समोर कोरडा खड्डा. उटण्याचा वास तसाच असलेलं घंगाळ पहाटे त्या खड्ड्यात बसलं, त्यात निळीची पुरचुंडी फिरवली, मूठभर मीठ टाकलं, की भरती आली. ते पाणी कोणीतरी चाखून बघायचंच.

नदीचा प्रश्न मात्र बिकट होता. खिळ्याला सलाईनची बाटली टांगून तिच्या नळीतून आम्ही कृष्णा सोडायचो, ती थेट घंगाळात. शेजारच्या मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं, "कृष्णा पश्चिमेला कधीपासून वाहायला लागली रे?" महाबळेश्वरला समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही ती पाठ फिरवते आणि थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, हे तिचं वागणं आम्हाला कधीच पटलं नाही. तोडगाही मास्तरांनीच काढला. त्याच महाबळेश्वरातून निघणारी सावित्री महाडवरून बाणकोटला समुद्राला मिळते. तेव्हा हिला सावित्री म्हणा. नळी तीच, बाटली तीच, फक्त पाटी बदलली.

इतिहासाच्या बाबतीत गल्लीचे अण्णा कडक होते. सिंधुदुर्गाच्या बांधकामावर आम्ही शिवाजी महाराजांशेजारी कान्होजी आंग्रे उभे केले, तर अण्णा ओट्यावरूनच म्हणाले, "सिंधुदुर्गाला हात घातला 1664 साली. तेव्हा कान्होजी जन्मायचे होते." कान्होजींना तातडीने उचलून भाजीवालीच्या मागे ठेवलं. पण अण्णांनीच आम्हाला एक भक्कम कागद मिळवून दिला. 1713 साली बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या पक्षात वळवलं, आणि शाहू महाराजांची राजधानी सातारा. म्हणजे आरमाराचा सरखेल साताऱ्याच्या गादीचा! मग समुद्रावर आमच्या गल्लीचा हक्क नाही तर कोणाचा? तो हक्क आम्ही खालच्या आळीतल्या पोरांना दर वर्षी ऐकवायचो.

जंजिरा म्हणजे घंगाळात पालथी घातलेली कुंडी. ती कोणी घ्यायची नाही, हा नियम होता. संभाजी महाराजांनी तिथवर दगडांचा सेतू बांधायला काढला होता, म्हणून आम्हीही खडे टाकायचो, आणि अर्ध्यावर थांबायचो. खेळातसुद्धा इतिहासाशी लबाडी नाही. सिंधुदुर्गात तीन बुचं पुरून दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव केल्या. धाकट्यांनी साखरबावीत खरीच साखर टाकली. रात्रीत मुंग्यांनी किल्ला घेतला.

आरमारात कागदाची गलबतं पुष्कळ, गुराब एकच: जत्रेतून आणलेली पत्र्याची फटफट बोट. मागच्या दोन नळ्यांतून पाणी भरायचं, पोटात तेलाची वात पेटवून सरकवायची आणि श्वास रोखून बसायचं. आतलं पाणी उकळलं की वाफ नळ्यांतलं पाणी मागे ढकलायची, बोट पुढे. वाफ निवली की नळ्या पुन्हा पाणी ओढायच्या. फट् फट् फट् करत ती जंजिऱ्याला वळसा घालायची. सतराव्या शतकात वाफेची बोट कशी, हे विचारायला सुदैवाने अण्णा त्या वेळी जेवायला गेलेले असायचे.

मावळे मातीचे. मान मोडली तर टाकायचा नाही. काड्यापेटीची काडी धडात खुपसायची, डिंक लावायचा, वर डोकं बसवायचं. काहींची डोकी इतक्यांदा बसवली होती की ते मागेच बघायचे. त्यांना पिछाडीच्या बंदोबस्ताला ठेवायचं. हातात ढाल नसेल तर शर्टाचं बटण. आता पेठेत तयार किल्ला मिळतो, प्लॅस्टरचा, रंगवलेला, एका हातात मावणारा. त्याला चिखल लागत नाही, त्यामुळे आया खूश. असोत.

तुळशीचं लग्न लागलं की निळासुभा खालसा. विटा परसात, पोतं चुलीपाशी, आरसा आणि मावळे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत, सलाईनची बाटली माळ्यावर. घंगाळ चिंचेने घासघासून परत करायचो, तरी सांध्यात निळीचा अंश राहायचाच. त्या घरचे काका पुढचे चार दिवस आंघोळीला बसले की कुरकुरायचे. काकू मात्र म्हणायच्या, पंचा तरी जरा पांढरा निघतोय.