सराट्याचा काटा आणि सायकलचा टायर

वाचकहो, वेगवान सायकलसाठी टायर घ्यावयास गेलात, तर दुकानदार बहुधा हलका टायर पुढे करील. त्याचे ऐकण्यापूर्वी आपल्या वाटेवर सराटा उगवतो काय, हे पाहावे. त्या फळाचा तुकडा कसाही पडो, एखादा काटा वर रोखलेलाच असतो!

माझी धाकटी बहीण परिचारिका आहे. रात्रपाळीला ती सायकलनेच जाते. निर्जन रस्त्यावर चाकाची हवा गेली, तर टायरच्या हलकेपणाचे तिला काय कौतुक? म्हणून रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली संरक्षक थर असलेलाच टायर मी तिच्यासाठी निवडला. श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरेथॉन प्लस’मध्ये हा रबरी थर सुमारे ५ मिलिमीटर जाड असतो. असा टायर जड खरा, आणि रिमवर चढविताना अंगठ्यांची परीक्षा पाहतो. तेवढे सोसावे. चौकटीत जागा असल्यास २५ ऐवजी २८ वा ३२ मिलिमीटर रुंदी घ्यावी.

हवा मात्र पुरेशी हवी. नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमच्या कडांखाली चिमटून तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. तेथे जाड थराचाही उपाय चालत नाही. काटा मात्र पुष्कळदा रुतून राहतो आणि फेऱ्याफेऱ्यागणिक खोल जातो. तो सायंकाळी चाक फिरवून शोधावा व वेळीच उपटावा.